प्यायल्यासारखं तोंड

१९ जानेवारी

वहिनी,

परवा फोनवर मी "मजेत आहे" म्हटलं ते खोटं होतं. कॅमेरा बिघडलाय म्हणाले तेही खोटं. कॅमेरा ठणठणीत आहे, तोंड बिघडलंय. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या घरात फोन म्हणजे चावडी. पलीकडून दादा ओरडून सल्ले देणार. म्हणून लिहितेय. वाच आणि फाडून टाक.

गेले चार-पाच महिने गाल लाल होत होते. आधी यायचे-जायचे, आता मुक्कामालाच आलेत. दोन्ही गाल, नाक, हनुवटी. त्यावर पुटकुळ्या, प्रत्येकीच्या टोकाला पिवळा थेंब. नाकाच्या कडेला बारीक लाल शिरा, कुणी बॉलपेनाने गिरगटल्यासारख्या. गरम चहा प्यायले, उन्हात उभी राहिले, साधी चिडले तरी तोंडावर निखारा ठेवल्यासारखी आग होते. सकाळी दात घासताना मी आरशाकडे पाठ करते. स्वतःचंच तोंड बघून मळमळतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण परवा शाळेच्या फाटकाशी मुलं बसमध्ये चढत होती, तेव्हा एक आई जवळ आली. म्हणाली, "मावशी, जरा इकडे बघता?" मला वाटलं काही विचारायचंय. तिने तिचं नाक माझ्या तोंडाशी आणलं आणि वास घेतला. खरंच घेतला, वहिनी! सगळ्या मुलांसमोर, जसं दूध नासलंय का बघावं तसा. मग मान हलवून म्हणाली, "सकाळी नसेल. रात्रीची असेल."

रोज सकाळी बस काढायच्या आधी आम्ही सगळे ड्रायव्हर दारू तपासायच्या त्या फुंकणीत फुंकतो. सोळा वर्षं झाली. सोळा वर्षं माझा आकडा शून्य आहे. मी आयुष्यात एक थेंब घेतलेला नाही आणि का घेतलेला नाही हे तुला माहीत आहे. त्या माणसाचं लाल, फुगलेलं, ओलं नाक बघत मी मोठी झालेय. आता आरशात बघितलं की तेच तोंड माझ्याकडे बघतं. त्याचीच मला घाण वाटते. पुटकुळ्यांची तेवढी नाही वाटत.

तुला काही माहीत असेल तर सांग. दादाला सांगू नकोस.

तुझी ड्रायव्हरीण


२ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र वाचलं आणि फाडलं नाही, शिलाई मशीनच्या खणात ठेवलंय. ह्यांना त्या खणात सुया टोचतात म्हणून ते कधी हात घालत नाहीत.

तुम्ही सोळा वर्षं उन्हात काचेमागे बसता, वेळेवर जेवत नाही, पाणी पीत नाही. अंगातली उष्णता कुठूनतरी बाहेर पडणारच. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणारी एक पार्लरवाली आहे. तिला मी तुमचं नाव न घेता सांगितलं. ती स्वतः एक मलम डबीत भरून देते. सोबत पाठवलंय. डबीवर काही लिहिलेलं नाही त्याला घाबरू नका, ती म्हणते नाव छापलं तर सगळे करायला लागतील. रात्री पातळ लावायचं. आठवड्यात फरक. तिच्या गिऱ्हाइकांचे चेहरे मी पाहिलेत, दुधासारखे.

त्या बाईचं मनावर घेऊ नका. असल्या बायकांना घरात कुणी विचारत नाही, म्हणून बाहेर वास घेत फिरतात.

बाबांचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मीही सांगत नाही. फक्त त्यांचे डोळे अलीकडे फार चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे.

तुमची वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझ्या पार्लरवालीचे पाय धुऊन पाणी पिते! तिसऱ्या दिवशी आग थांबली, दहाव्या दिवशी पुटकुळ्या बसल्या. गाल असे झालेत की मीच हात फिरवत बसते. आमचे वाहतूक प्रमुख म्हणाले, "काय बाई, सोडली वाटतं?" म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं. फुंकणीचं यंत्र त्यांच्याच हातात असतं, आकडा ते स्वतः वहीत लिहितात, तरीही. मी हसले. काय करणार, हसायची सवय आहे.

आणखी तीन डब्या पाठव. संपत आलीय आणि एक रात्र चुकली तर गाल चरचरतात.

त्या माणसाच्या डोळ्यांबद्दल मला लिहू नकोस.


१ जून

वहिनी,

मधे तू तीन पत्रं पाठवलीस, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आज देतेय, ते तुझ्यावर चिडून देतेय. आधीच सांगून ठेवते.

एप्रिलमध्ये तुझ्या डब्या येईनाशा झाल्या. पार्लरवाली गावी गेली म्हणालीस. दोन दिवस मलम लावलं नाही आणि तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. तोंड सुजून फुगलेल्या भाकरीसारखं झालं होतं. आधी होत्या त्याच्या चौपट पुटकुळ्या, कपाळापासून गळ्यापर्यंत, एकमेकींना चिकटलेल्या. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग. मी अभ्रा धुतला नाही, जाळला. कातडी इतकी पातळ झालेली की टॉवेल लागला तरी रक्त यायचं. वास यायला लागला होता मला स्वतःचा, खरा की मनाचा कोण जाणे.

तशीच कामावर गेले. बसमधली एक लहान मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचं तोंड उकडलंय का?" ती बिचारी खरंच काळजीने म्हणाली. मागून कुणीतरी फोटो काढला. तो पालकांच्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, "आपली मुलं हिच्या हातात." बत्तीस जणांनी अंगठा दिला. मला कसं कळलं? वाहतूक प्रमुखांनी मोजून दाखवले.

त्यांनी मला काढलं नाही. बसवरून उतरवलं आणि धुलाईला लावलं. "थोडे दिवस, वातावरण निवळेपर्यंत." तर मी सहा आठवडे, मेच्या सुट्टीतही, शिबिरं-सहलींहून परतलेल्या बसगाड्या धुतेय. सीटच्या फटीत चिकटलेलं च्युइंगम, सुकलेली ओकारी, कुणाच्या डब्यातलं आंबलेलं दही. आणि या घाणीत हात घालताना मला काय वाटायचं माहीत आहे? की ही माझ्या तोंडापेक्षा बरी.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तोंड बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय लावत होता?" मी रिकामी डबी पुढे केली. त्यांनी ती दोन बोटांत धरली, मेलेली पाल धरावी तशी. म्हणाल्या, "यात स्टेरॉइड असणार. आधी जादू, मग हे. आजार मूळचा होताच, या मलमाने त्याला खतपाणी घातलं."

आजाराचं नाव रोझेशिया. गुलाबावरून ठेवलंय म्हणे. ज्याने ठेवलं त्याला जवळून वास घ्यायला द्यायला हवा होता.

हा उष्णतेचा विकार नाही, पोट साफ नसल्याचा नाही, घाणीचा नाही, संसर्गाचा तर नाहीच. चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या जरा कशानेही फुगतात: ऊन, गरम पेय, तिखट, चीड. वर कातडीला सूज. आणि आपल्या सगळ्यांच्याच तोंडावरच्या छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे जीव राहतात, तुझ्याही बरं का. माझ्याकडे त्यांची दाटी जास्त झाली होती. हे ऐकून मी त्यांच्याच बेसिनमध्ये ओकले.

मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. मलम एकदम बंद. पहिले काही आठवडे आणखी वाईट दिसेल, तोंड दाबून सहन करायचं. गोळ्या, दुसरं मलम, उन्हाचं क्रीम, साबण नाही, घासणं नाही, चहा कोमट.

शेवटी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी म्हटलं, "वडिलांना आहे लाल नाक, पण ते बाटलीतून आलंय." त्या म्हणाल्या, "नाक जाड झालंय? गाठाळ?" मी हो म्हटलं. "डोळे चुरचुरतात?" मला तुझं पत्र आठवलं. म्हणाल्या, "दारूने तोंड लाल होतं, आजार चाळवतो. पण तसलं नाक एक थेंबही न घेणाऱ्यांना होतं. त्यांना कुणी कधी दाखवलंय का डॉक्टरला?"

याचं उत्तर तू दे. आणि तुझ्या पार्लरवालीला ती डबी खायला घाल.


१२ जून

वन्सं,

तुम्ही चिडलात ते बरोबर आहे. मी तिच्या पार्लरमध्ये जाऊन खुर्चीत बसलेल्या दोन बायकांसमोर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या नणंदेची कातडीच तसली." मी तिचे तीन अर्धवट शिवलेले ब्लाउज तिच्या अंगावर फेकले आणि आले. त्याने तुमचं तोंड बरं होत नाही हे मला कळतं. मी न बघता, न विचारता तुमच्या तोंडाला विष लावलं. माफ करा म्हणायलाही लाज वाटते.

आता दुसरं. हे मी नऊ वर्षं गिळलंय.

बाबा दारू पीत नाहीत. आमच्याकडे राहायला आले तेव्हापासून नाहीत. त्यांचे कपडे मी धुते, अंथरूण मी झटकते, त्यांचा पेला मी घासते. एकदाही वास आला नाही. सुरुवातीला मी मुद्दाम हुंगायची. हो, मीही. त्यांच्या गादीखाली, बुटांत, संडासाच्या टाकीत शोधलं. काही नाही. शेवटी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सूनबाई, तुझ्या सासूबाई जायच्या दोन वर्षं आधी सोडली. तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो आरशात तोंड बघा."

हे मला कळलं तेव्हाच मी तुम्हाला कळवायला हवं होतं. पण घरात तुमच्या भावाचा शब्द शेवटचा आणि त्यांना तो विषय निघाला की जेवण जात नाही. गिऱ्हाईक आलं की ते बाबांना आत पाठवतात. बाबा भर उन्हाळ्यात तोंडाला मफलर बांधून फिरतात. वेगळे जेवतात, कारण नाकातून गळतं आणि ह्यांना घास उतरत नाही. खरं सांगू? मलाही उतरत नाही. मी ताट देते आणि तोंड फिरवते. सून म्हणून सगळं करते, पण बघत नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी पहिल्यांदा नीट बघितलं. नाक फुलकोबीच्या गड्ड्यासारखं झालंय. गाल तुमच्यासारखेच. ह्यांना न सांगता डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तेच नाव सांगितलं. डोळ्यांतही तोच आजार आहे, आणखी दुर्लक्ष केलं असतं तर नजरेला धोका होता. नाकावर छोटी शस्त्रक्रिया होते, पण इथे नाही, तुमच्या शहरात.

बाबांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "म्हणजे हे लेकीला माझ्याकडूनच गेलं?" डॉक्टर म्हणाले, घराण्यात असू शकतं.

वहिनी


१० जुलै

वहिनी,

तुझं पत्र चार आठवडे उशाशी आहे. रोज उत्तर लिहायला बसायची आणि उठायची.

आई गेली त्या दिवशी तू तुझ्या बाळंतपणासाठी माहेरी होतीस, म्हणून तुला हे कुणी सांगितलं नसेल. तो माणूस तेव्हा वेगळा राहायचा. दारात आला. नाक लाल, गाल लाल, डोळ्यांतून पाणी गळतंय, बोलताना जीभ अडखळतेय. खोलीत चाळीस माणसं होती. मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आजच्या दिवशी तरी शुद्धीवर यायचं होतं." तो काहीतरी म्हणाला, "नाही गं, नाही." मी त्याच्या छातीला हात लावून त्याला मागे ढकललं. दाराबाहेर. दार लावलं. त्याने आईचं तोंड पाहिलं नाही.

फाटकाशी त्या बाईने निदान वास तरी घेतला होता. मी तेवढंही केलं नाही.

मला स्वतःची घाण वाटतेय आणि त्यातही चीड येतेय. कारण तो माणूस साधू नव्हता, वहिनी. मी आठ वर्षांची असताना त्याने आईचा हात दारात चिरडला होता. दोन बोटं आयुष्यभर वळली नाहीत तिची. ते नाकाच्या आजाराने नव्हतं झालं. मग आता मी काय करायचं? तो एक दिवस शुद्धीवर होता म्हणून बाकीचं पुसायचं? की बाकीचं होतं म्हणून त्या दिवसाचं माझं बरोबर होतं? दोन्हीकडून अंगावर शिसारी येते.

इथली बातमी. तोंड सुरुवातीला नरक होतं, आता निम्मं उतरलंय. शाळेने पालकांची सभा लावली आणि मला डॉक्टरांचा दाखला वाचायला उभं केलं. मी वाचला. ती वास घेणारी आई तिथे होती. तिने विचारलं, "पण मुलांना लागणार नाही ना?" दारू नाही म्हटल्यावर आता लागण! मी म्हटलं, "बाई, माझं तोंड तुमच्या मुलीला लागणार नाही. तुमचं लागण्याची शक्यता जास्त आहे." वाहतूक प्रमुख खाली मान घालून हसले. सोमवारपासून माझी बस मला मिळाली. दोघांनी आपापल्या मुलांना काढून घेतलं. माफी कुणी मागितली नाही. बत्तीस अंगठे होते, एक जीभ निघाली नाही.

त्यांना पाठव माझ्याकडे. नाकाची शस्त्रक्रिया मी करून घेते. हे प्रेमाने म्हणत नाहीये, हे त्यांना स्पष्ट सांग.


२४ जुलै

वन्सं,

सांगितलं. बाबा म्हणाले, "प्रेमाने म्हणाली असती तर गेलो नसतो." पुढे म्हणाले, "तिला वास घ्यायचा असेल तर घेऊ दे, मी दात घासून जातो."

ह्यांना कळलं तेव्हा घर डोक्यावर घेतलं. मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली आणि दुकानात निघून गेले. रात्री जेवताना बाबांचं ताट आमच्या शेजारी मी मांडलं. हे उठून गेले नाहीत. जेवले मात्र अर्धंच.

सोमवारी सकाळच्या गाडीने बाबा निघतील. मला सणासुदीच्या कपड्यांच्या ऑर्डरी आहेत, येता येत नाही. डोळ्यांचे थेंब निळ्या पिशवीत. पापण्या कोमट पाण्याच्या फडक्याने शेकायच्या, ते आळस करतात.

वहिनी


१९ ऑगस्ट

वहिनी,

झालं एकदाचं.

स्टँडवर ते मफलर बांधून उतरले. अकरा वर्षांनी मी त्यांना बघत होते. मी म्हटलं, "पिशवी द्या." त्यांनी दिली. घरी येईपर्यंत एवढंच संभाषण.

शस्त्रक्रियेला मला आत बसू दिलं, कारण ते घाबरले होते आणि हात हलवत होते. फक्त नाक बधिर केलं. मग सर्जन तापलेल्या तारेने नाकाचा वाढलेला भाग थर थर खरवडून काढायला लागले, बटाटा सोलावा तसा. जळक्या कातडीचा वास. जरा दाबलं की छिद्राछिद्रांतून पांढरी घट्ट चरबी, दोऱ्यासारखी. मी त्यांचा हात धरून बसले होते. बाहेर येऊन ओकले, पण आधी त्यांचं नाक होऊ दिलं.

जखम भरेपर्यंत दोन आठवडे त्यांना माझ्याकडेच ठेवून घेतेय. जखमेवर मलम लावून ओली ठेवायची, खपली धरू द्यायची नाही. पहिल्या दिवशी पट्टी काढली तर आतून पिवळंलाल पाणी आणि असा वास की माझा हात मागे आला. त्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "राहू दे, मी करतो." मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही नीट. बसा गप." केलं. दुसऱ्या दिवशी परत केलं.

काल पट्टी करताना ते छताकडे बघत होते. एकदम म्हणाले, "तुझी आई गेली तेव्हा मी प्यायलेलो नव्हतो."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"तेव्हा नव्हतं माहीत."

"तेव्हा नव्हतं. मी विचारलंही नाही. माझं चुकलं, बाबा."

मला वाटलं रडतील, आणि मला ते नको होतं, जखमेत पाणी गेलं असतं. पण रडले नाहीत. म्हणाले, "त्याआधी वीस वर्षं प्यायलेलो होतो, तेही माहीत असू दे. तिच्या हाताचं मीच केलं. आता नाक सरळ झालं म्हणून मला चांगला ठरवू नकोस."

मी म्हटलं, "नाही ठरवत."

"मग ठीक," म्हणाले आणि पट्टीसाठी तोंड पुढे केलं.

सर्जन म्हणतात पंधरा दिवसांत कातडी भरून येईल. मग पाठवते. की आणखी थोडे दिवस ठेवू? त्यांना अजून विचारलेलं नाही. पट्टी उघडली की मला अजूनही ओकारी येते. आज तोंड फिरवलं नाही.

तुझी वन्सं